कूस बदलताना गुडघे जुळलेले ठेवा

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीच खेप, सातवा चालू आहे. रोज एसटीने पाऊण तास जायचं, तेवढंच यायचं, शिवाय दिवसभर वर्गात उभं. पंधरा दिवसांपासून उजव्या कुल्ल्यात, कमरेच्या खळीपाशी कळ येते. रात्री कूस बदलताना, एसटीची पायरी चढताना, सलवार घालायला एक पाय उचलला की डोळ्यांत पाणी येतं. पहाटे पोटरीत गोळे येतात. तपासण्या सगळ्या ठीक आहेत. सासूबाई म्हणतात, उकिडवं बसून फरशी पूस, मोकळी होशील. आई म्हणते, अंथरुणातून उठूच नकोस. कुणाचं ऐकू, ताई?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : नुसतं 'कंबर दुखते' असं लिहिलं असतंत तर मी चाचपडले असते. पण कूस, पायरी आणि सलवार या तीन गोष्टी लिहून तुम्ही माझं अर्धं काम केलंत. तिन्ही वेळा शरीराचा भार एका पायावर येतो किंवा दोन पाय दोन दिशांना जातात. पाठीचा कणा खाली ज्या रुंद हाडाला मिळतो, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक सांधा असतो, बरोबर तुमच्या त्या खळीखाली. या दिवसांत तिथले बंध सैलावतात, पोट पुढे येतं, तोल बदलतो आणि तो सांधा कुरकुरायला लागतो. दुखतं फार, पण हाड निखळत नाहीये आणि बाळाला यातून काही होत नाही. मी हे पत्रावरून सांगतेय. जवळच्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्याच.

माझ्या थोरलीच्या वेळी शेवटचे दोन महिने मी रात्री कुशीवर वळायच्या भीतीने जागी राहायचे. मी तेव्हा खेळाडूंचे गुडघे बघत होते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आज ते सविस्तर लिहिते. आधी दोन्ही गुडघे दुमडा, जुळवा आणि मधे उशी दाबून धरा. श्वास सोडत खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम वळवा, ओंडका लोटावा तसं. गुडघे आधी आणि खांदे मागून, असं नको. कमरेखाली एखादी जुनी सुळसुळीत नायलॉनची साडी पसरा, चादरीला अंग अडकत नाही. उठताना आधी कुशीवर वळा, दोन्ही पाय एकत्र पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी हाताने गादी रेटून वर या. उताणं असताना सरळ उठून बसायचं नाही.

सलवार पलंगाच्या कडेवर बसून घाला. एसटीत चढताना दांडा धरून बरा पाय आधी वर ठेवा, दुखरा त्याच पायरीवर आणा, मग पुढची पायरी. उतरताना दुखरा पाय आधी. मागच्या चाकावरची सीट टाळा, कमरेच्या खोलगट भागाला छोट्या टॉवेलची गुंडाळी लावा. एका पायावर भार टाकून, कुल्हा बाजूला काढून फळ्यापाशी उभं राहायची सवय बहुतेक शिक्षिकांना असते. ती आता सोडा. पाठ वाचून घेताना खुर्चीत बसा, हेडमास्तरांना काय वाटेल याचा विचार करू नका. बसताना मांडी घालायची नाही, पायावर पायही नाही.

आता फरशी. उकिडवं बसून या पायावरून त्या पायावर सरकत जाणं हेच तुमच्या सांध्याला सोसत नाही, तेव्हा ते नकोच. पण सासूबाईंचं सगळंच टाकाऊ नाही. पूर्वी ज्या बायका गुडघे आणि हात टेकून पुसायच्या, त्यांचं पोट खाली लोंबतं राहायचं आणि पाठीवरचा ताण उतरायचा. ते आपण फडक्याशिवाय करू. गादीवर हात-गुडघे टेका, हात खांद्यांच्या रेषेत, गुडघे खुब्यांच्या खाली. श्वास सोडत पाठ मांजरीसारखी वर उचला, मग सपाट करा. पोट खाली झोकून पाठ वाकवायची नाही. आठ-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मनगटं दुखली तर पलंगावर कोपरं टेका.

आईंना सांगा, झोपून राहिल्याने स्नायू आणखी ढिले पडतात, पायांत रक्त साकळायचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात, अडचण नसलेल्या गरोदर बाईने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी असं म्हटलंय. तुम्ही सध्या सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटंच चाला, पावलं लहान टाका. कळ वाढली की थांबा. गप्पा मारता येतील एवढाच वेग.

पोटरीत गोळा आला की गुडघा सरळ करून पायाची बोटं आपल्याकडे खेचा. निजण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून दोन्ही पोटऱ्या ताणा. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर निजताना कुशीवरच निजायचं, डावी-उजवी कुठलीही चालेल. मधेच जाग आली आणि उताण्या असलात तर घाबरू नका, फक्त वळा.

रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधुक झालं किंवा एकच पोटरी सुजून गरम लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. ती पोटरी चोळू मात्र नका.

प्रश्न : बायकोला आठवा महिना आहे. पलंगावर बसून लॅपटॉपवर काम करते. बरगड्यांखाली आवळल्यासारखं होतं, दम कोंडतो. मी काय करू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आजच रक्तदाब मोजून घ्या. उजव्या बरगडीखाली सतत दुखत असेल, किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर ते डॉक्टरांनीच बघायला हवं. ते निर्धोक निघालं तर तिचा पलंग बदला. गादीत कंबर रुतते, पोट वर बरगड्यांना भिडतं. टेबल-खुर्ची द्या, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड, पाय टेकायला पाट. अर्ध्या तासाने तिला उठवा. उठली की दोन्ही हात डोक्यावर नेऊन तीन-चार लांब श्वास घेऊ द्या. संध्याकाळी तिला खुर्चीवर उलटं बसवा, पाठीच्या टेकूवर उशी, उशीवर तिचे हात आणि डोकं. तुम्ही मागे बसून कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यावर नाही, तळव्यांनी सावकाश खाली दाबत या. दाब किती हवा ते तिला विचारत राहा.