आधी कर्जातून नाव, मग सही

पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला वाचला आणि मग झोपच उडाली. "मावशी, मला फ्लॅट नको, पोटगी नको, काही नको, फक्त यातून सुटायचंय, मंगळवारी घटस्फोटाच्या कागदांवर सही करते." कळतं गं मला. मीही २००९ साली हेच बोलले होते, जवळपास याच शब्दांत, म्हणून लिहितेय आणि जरा चिडूनच लिहितेय.

फ्लॅट नको तर नको, पण फ्लॅट सोडला म्हणून कर्ज सुटत नाही. कोर्ट तुमचं लग्न मोडतं, बँकेशी केलेला करार मोडत नाही. होम लोनवर तुझी सही आहे ना? मग आधी कर्जातून नाव काढ, मग सही कर.

आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये (संमतीच्या घटस्फोटात दोघांनी मान्य केलेल्या अटी) सातवं कलम होतं, 'यापुढील सर्व हप्ते पती भरतील'. मी ते तीनदा वाचलं आणि निर्धास्त झाले. त्यानं चौदा महिने भरले आणि मग थांबला. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं, त्यामागून सरफेसीची (बँकेला तारण घर विकून वसुली करू देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस. ती आली माहेरच्या पत्त्यावर, आईनं सही करून घेतली आणि चष्मा नव्हता म्हणून पाकीट माझ्या हातात देत म्हणाली, बघ गं, एलआयसीचं आलंय बहुतेक. दुसऱ्या दिवशी मी ते सातवं कलम घेऊन बँकेत गेले. मॅनेजरनं वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, मॅडम हे तुमचं आपापसातलं आहे, आमच्याकडे दोन सह्या आहेत.

नंतर माझ्या आधीच्या नवऱ्यानं जिल्हा कोर्टात नादारीचा अर्ज टाकला. आपल्याकडे साध्या माणसाच्या दिवाळखोरीला अजून १९२० चाच कायदा चालतो (मुंबईत १९०९ चा), २०१६ च्या नव्या कायद्यातला तो भाग फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झालाय. आणि त्या जुन्या कायद्यात स्पष्ट आहे की नादार माणूस सुटला तरी त्याच्याबरोबर सही करणारा सुटत नाही. तो सुटला, मी अडकले. फ्लॅट लिलावात गेला, पैसे कमी पडले आणि उरलेलं माझ्या डोक्यावर आलं. पीएफवर जप्ती येत नाही हेसुद्धा मला कुणी सांगितलं नाही, मी स्वतःच्या हातानं काढून भरला.

भाऊ म्हणत होता अर्ध्यावर सेटलमेंट कर. नाही केली. सहा वर्षं संध्याकाळी शिकवण्या घेतल्या आणि पै न पै फेडली. लेकीला पुण्याला शिकायला पाठवता आलं नाही, ते तिच्या मनात अजून आहे, घरात सगळे म्हणतात तुझ्या हट्टापायी. पण मला कर्जाच्या नोंदीत माझ्या नावापुढे 'सेटल्ड' नको होतं, 'क्लोज्ड' हवं होतं, आणि सही माझी होती. आजही मी तेच करेन. फक्त ती सही तेव्हा केली नसती.

तुझा वकील म्हणतोय ना, संमतीच्या घटस्फोटाआधी थांबायचे सहा महिने माफ करून घेऊ? २०१७ पासून सुप्रीम कोर्टानं ते कोर्टाच्या मर्जीवर सोडलंय, खरंय, पण त्यासाठी दोघांमधलं सगळं खरोखर मिटलेलं असावं लागतं. तुझं कर्ज मिटलंय का? नाही. मग घाई कसली? अगं, दुसरा मोशन, म्हणजे कोर्टापुढे दुसऱ्यांदा संमती देणं, होईपर्यंत संमती मागे घेता येते, एवढाच काळ तुझा शब्द चालतो, घटस्फोटाची डिक्री हातात आली की तुझ्या नवऱ्याला तुझा फोन उचलायचीही गरज नाही.

आणि तो जी धमकी देतोय, पोटगी मागितलीस तर दिवाळं काढीन, तिला भिऊ नकोस. फौजदारी कायद्याच्या कलम १२५ खाली (आता नव्या संहितेत १४४) कोर्टानं बांधून दिलेल्या पोटगीची थकबाकी नादारीत माफ होत नाही. दागिने तर स्त्रीधन, ते तुझेच, ते 'काही नको' मध्ये कशाला घालतेस? हे वाचून मला फार राग आला.

आता नीट ऐक. त्याच्या एकट्याच्या पगारावर बँक लोन ठेवत असेल तर ठीक, नाहीतर त्यानं भावाला सहकर्जदार घ्यावं, नाहीतर दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करावं, नाहीतर फ्लॅट विका. काहीही करा, पण तुझं नाव निघाल्याचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं, तोंडी नाही, व्हॉट्सअपवर तर अजिबात नाही. त्यानंतर तुझा हिस्सा त्याला द्यायचाच असेल तर गिफ्ट डीड (बक्षीसपत्र) लग्न कायद्यानं टिकून असेपर्यंतच कर, राहत्या घराला नवरा-बायकोत स्टॅम्प ड्युटी २०० रुपये आहे (सेस वगैरे वेगळा), डिक्रीनंतर तो तुझा नवरा नसतो आणि ही सवलतही नसते. आधी कर्ज, मग डीड, मग सही. उलटं नाही. त्याच्या धंद्याच्या लोनला कुठे जामीन राहिली असशील तर तेही आजच आठव, लाजू नकोस.

मंगळवारची तारीख पुढे ढकलायला वकिलाला आत्ताच मेसेज कर. सोमवारी साडेदहाला मी तुझ्या बँकेच्या दारात उभी असेन. सँक्शन लेटर, लोन स्टेटमेंट आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स घेऊन ये, झेरॉक्स दोन-दोन काढ.

मावशी