'संशयित आरोपी' म्हणावं का?

कळव्याच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: "न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क खटल्याबद्दल वर्गात मराठीत बोलायचं आहे. त्या पाच मुलांना कोणत्या टप्प्यावर काय म्हणू? संशयित, आरोपी, गुन्हेगार की दोषी? आणि ठाण्याच्या बातम्यांत सतत 'संशयित आरोपी' वाचते, ती द्विरुक्ती नाही का?"

बाई, आधी शेवटचा प्रश्न घेतो. ही जोडी पोलीस ठाण्याच्या कागदांतून बातम्यांत आली असावी. एफआयआरच्या छापील नमुन्यात माहीत असलेल्या, संशयित किंवा अनोळखी आरोपीचा तपशील भरायचा रकाना असतो. तिथे तिला अर्थ आहे: आरोपी ओळखीचा आहे, कोणावर नुसता संशय आहे, की कोण ते ठाऊकच नाही? पण नाव घालून गुन्हा दाखल झाला, अटक झाली, की तो आरोपी. मागे 'संशयित' लावून काही वाढत नाही. उलट नुसतं चौकशीला बोलावलेला माणूस फार तर संशयित असतो आणि या जोडीमुळे तोही आरोपींत जमा होतो. म्हणून बातमीत ती नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

'संशयित' म्हणजे ज्याच्यावर संशय घेतला गेला तो. संशय घेणारा तो संशयी. 'आरोप' हा रोपण, वृक्षारोपण यांच्या घराण्यातला शब्द. एखादी गोष्ट दुसऱ्या कशावर तरी चढवणं, हा त्याचा अर्थ. वेदान्तात दोरीवर सापाचा आरोप होतो, त्याला अध्यारोप म्हणतात. दोरी तेव्हाही दोरीच असते. म्हणजे या दोन्ही शब्दांत त्या माणसाने काय केलं याबद्दल अवाक्षर नाही, इतरांनी त्याच्याबद्दल काय म्हटलं एवढंच आहे. 'गुन्हेगार' मात्र फारसीतून आला. कामगार, मददगार यांतला 'गार' म्हणजे करणारा. निकालाआधी तो वापरला की निकाल आपणच दिला. न्यायालयाने दोषी ठरवल्यावर कायद्याच्या मराठीत 'सिद्धदोष' म्हणतात. तुरुंगाच्या कागदांत न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी वेगळे असतात. बोलण्यात कच्चा कैदी, पक्का कैदी.

आता तुमचा खटला. एप्रिल 1989 मध्ये सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका स्त्रीवर बलात्कार आणि जीवघेणा हल्ला झाला. पकडलेली पाच मुलं 14 ते 16 वर्षांची, चौघं कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो. वर्तमानपत्रांनी 'वुल्फ पॅक', म्हणजे लांडग्यांची टोळी, असे मथळे दिले, अल्पवयीन असूनही त्यांची नावं छापली. खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी, 1 मे रोजी, डोनाल्ड ट्रम्प यांनी न्यूयॉर्कच्या चार दैनिकांत पानभर जाहिराती देऊन फाशीची शिक्षा परत आणा अशी मागणी केली. त्या वेळी ही मुलं केवळ आरोपी होती. तासन्‌तास चौकशी करून चौघांचे कबुलीजबाब व्हिडिओवर घेतले गेले; डीएनए पाचांपैकी कोणाशीच जुळला नाही. तरीही 1990 मध्ये ती दोषी ठरली. 2002 मध्ये दुसऱ्याच गुन्ह्यांत तुरुंगात असलेल्या एकाने कबुली दिली, त्याचा डीएनए जुळला आणि त्याच डिसेंबरात पाचही जणांची दोषसिद्धी रद्द झाली. तोवर ते सुमारे 6 ते 13 वर्षं तुरुंगात काढून बसले होते. 2014 मध्ये शहराने 4.1 कोटी डॉलर भरपाई मान्य केली.

मुलांना हे सांगताना आपलं वर्तमानपत्रही पुढे ठेवा. ठरलेला फोटो असतो: पुढे मुद्देमाल मांडलेलं टेबल, मागे ओळीने अधिकारी, मधे काळे बुरखे घातलेले दोघे-तिघे. वर 'सराईत टोळी गजाआड', 'नराधमाच्या मुसक्या आवळल्या'. आणि खाली हमखास येणारं वाक्य: 'पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.' हे वाक्य मला फार खुपतं. खाक्या दाखवणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही कळतं, तरी ते शाबासकीच्या सुरात छापलं जातं. पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात तसं होतं, 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, अटकेनंतर 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, वकील मिळू द्यायचा, हे तर राज्यघटनेतच आहे. 'गुन्ह्याची कबुली दिली' ऐवजी 'कबुली दिल्याचा पोलिसांचा दावा' एवढं लिहायला जागा किती लागते?

तिथे कातडीचा रंग आडवा आला, इथे जात आणि जमात येते. 1871 च्या कायद्याने ब्रिटिशांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, म्हणजे करणाऱ्याला लावायचा शब्द जन्माला लावला. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण 'पारधी टोळी' असा मथळा अजून सहज छापला जातो. 2003 च्या नाशिक जिल्ह्यातल्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातींतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानेही फाशीची शिक्षा सुनावली होती. त्याच न्यायालयाने मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता.

तर बाई, चौकशीच्या रात्री 'संशयित', आरोप ठेवल्यावर 'आरोपी', 1990 च्या निकालानंतर 'दोषी ठरवलेले'. 'ठरवलेले' गाळू नका. 2002 साठी 'निर्दोष मुक्तता' हा शब्द नीट बसत नाही, कारण ती खटल्याच्या निकालात होते. तिथे 'दोषसिद्धी रद्द' म्हणा. 'पुराव्याअभावी सुटले' तर मुळीच नको, कारण त्यात गुन्हा केला पण निसटले असा वास येतो आणि इथे तर खरा गुन्हेगार सापडला होता. ते पाच जण आज 'एक्झॉनरेटेड फाइव्ह' म्हणून ओळखले जातात. मराठीत मी 'निर्दोष ठरलेले पाच' म्हणेन. वर्गात पाचही जणांची नावं घ्या.