आप्पा खोटं बोलत नाहीयेत

प्रश्न: माझे सासरे, आप्पा, ७१ वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, पार्किन्सन्स होऊन ७ वर्षं झालीत. गोळी घेतली की तासाभरात मान आणि डावा खांदा सारखा हलतो, डावा पाय तर इतका वळवळतो की बसल्या बसल्या चप्पल निसटून खुर्चीखाली जाते, पण विचारलं की म्हणतात कुठे काय हलतंय, तुम्हालाच दिसतं. डॉक्टरांना पण "एकदम ओके" सांगून मोकळे होतात, आणि मी मध्ये बोलले की घरी आल्यावर अबोला. आवाज बारीक झालाय तर म्हणे तुमचे कान तपासा. अजूनही दर सोमवारी ॲक्टिव्हा काढून कपालेश्वराला जातात. मिस्टर म्हणतात हा निव्वळ हट्टीपणा आहे. काय समजायचं? — एक सूनबाई, नाशिकरोड

उत्तर: ताई, मिस्टरांना आधी हे वाचायला द्या. आप्पांना ते हलणं बहुतेक खरंच जाणवत नाहीये. पार्किन्सन्समध्ये हे बऱ्याच जणांचं होतं आणि घरोघरी त्यावरून विनाकारण भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण हात हलवतो तेव्हा तो किती हलला याचा हिशोब मेंदू आतल्या आत ठेवत असतो. या आजारात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं तसा तो हिशोबही बिघडतो. आवाजाचंच बघा, अशा पेशंटला मोठ्याने बोला म्हटलं की त्याला वाटतं आपण ओरडतोय आणि समोरच्याला ते जेमतेम नॉर्मल ऐकू येतं. पाऊल छोटं पडतं, अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलत नाही, आणि माणसाला आतून सगळं पूर्वीसारखंच वाटत असतं.

आता ते वळवळणं. गोळी घेतल्यावर तासाभराने होतंय म्हणजे ती आजाराची थरथर नसून लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीतल्या औषधाचा, परिणाम असण्याची शक्यता जास्त, डॉक्टर त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. गोळीचा असर उतरला की अंग आखडतं, पाय उचलत नाही, ते पेशंटला चांगलंच कळतं आणि तो तक्रारही करतो. पण असर भरात असताना अंग मोकळं असतं, बरं वाटत असतं, त्यामुळे त्या वेळचं जादा हलणं लक्षातच येत नाही, आलं तरी फार कमी. मग दवाखान्यात आखडण्याचीच तक्रार पोचते आणि डोस वाढत जाण्याची भीती असते. म्हणून तुमचं बोलणं डॉक्टरांपर्यंत जायलाच हवं, फक्त आप्पांचं बोलणं तोडून नको. एका कागदावर ४-५ दिवसांच्या वेळा लिहा, गोळी ८ ला, हलणं पावणेनऊला सुरू, १० ला थांबलं, एवढंच, आणि आत जायच्या आधी आप्पांना सांगून तो द्या. त्यांना विचारूनच एखादा व्हिडिओ काढा, स्वतःला बाहेरून बघितल्यावर बऱ्याच जणांना पटतं. तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर मात्र अजिबात टाकू नका, त्या माणसाचा मान आहे.

गोळी मनाने कमी करू नका, बंद तर मुळीच नको, अचानक बंद केल्यावर तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टर डोस छोटे करून जास्त वेळा विभागतील, कधी हे हलणं कमी करणारं अमँटाडीन नावाचं औषध देतील, किंवा काहीच करणार नाहीत, कारण ज्या हलण्याचा पेशंटला त्रास नाही आणि ज्याने तोल जात नाही ते तसंच चालवून घेणंही बरोबर असतं. हे ऐकून घरच्यांना राग येतो खरा, पण आखडून खुर्चीत बसण्यापेक्षा थोडं हलत फिरणं बहुतेक पेशंटना चालतं, आणि शरीर त्यांचं आहे.

आवाजासाठी स्पीच थेरपिस्टकडे न्या, मोठ्याने बोलण्याचा सराव या आजारात उपयोगी पडतो. विसरणं, भलतेच निर्णय असंही काही दिसत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ते वेगळं तपासावं लागतं.

एका बाबतीत मात्र मी आप्पांची बाजू घेणार नाही. आपला पाय किती हलतोय हे ज्याला कळत नाही त्याला ब्रेक किती उशिरा लागला तेही कळेलच असं नाही. डॉक्टर बघून हो म्हणेपर्यंत ॲक्टिव्हाची चावी मिस्टरांकडे राहू द्या, आणि ते डॉक्टरांच्या तोंडून सांगवा, तुम्ही सांगितलंत तर परत अबोला. कपालेश्वर बंद करू नका पण. रिक्षाने जाऊ द्या, बरोबर कोणीतरी द्या, आणि पायऱ्या उतरताना त्याने एक पायरी खाली, आप्पांच्या पुढे राहायचं.