‘टाके निघाले, मग माणूस असा का?’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात डोक्याला मार लागलेल्यांच्या आधारगटाचा ओझरता उल्लेख आला होता, त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. त्यांपैकी तीन येथे घेतली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. माझ्या धाकट्या भावाच्या अपघाताला बारा वर्षे झाली आणि नागपुरातील एका लहानशा आधारगटात आम्ही दोघे नियमित बसतो, एवढाच माझा अधिकार. मराठी आधारगटांत आजारी व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. पुढे मी तेच शब्द वापरले आहेत, कारण रुग्णालयातून घरी येऊन वर्षे लोटली तरी माणसाला ‘पेशंट’ म्हणत राहणे मला पटत नाही.

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी माझे यजमान (वय ४२) रिंग रोडवर दुचाकीवरून पडले. नऊ दिवस आयसीयूत होते. आता चालतात, बोलतात, दिसायला अगदी पूर्वीसारखे आहेत. मात्र लहानसहान गोष्टींवरून भडकतात, सांगितलेले विसरतात, दुपारी चार-चार तास झोपतात. कुलर लावला की डोके धरून बसतात. परवा दूध करपून धूर झाला, शेजारच्या काकू धावत आल्या आणि हे शेजारच्याच खोलीत शांत बसलेले. सासरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, हा आळस आहे. गटाचा विषय काढला तर म्हणतात, “मी काय वेडा आहे?” त्यांना कसे न्यावे? (मानेवाडा)

उत्तर : दुधापासूनच सुरुवात करते, कारण आमच्या गटात हा प्रसंग वेगळ्या रूपात घडला आहे. एका शनिवारी कोणीतरी तर्री-पोहे आणले होते. इतवारीत किराणा दुकान असलेले एक शुभार्थी दोन घास खाऊन म्हणाले, “तिखट लागते आहे, पण वास काहीच नाही.” समोरच्या मुलीने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, “मलाही येत नाही, दीड वर्ष झाले.” त्या दोघांनीही हे तोपर्यंत घरी सांगितले नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. नाकाच्या वरच्या बाजूला हाडाची चाळणी असते आणि तिच्या छिद्रांतून वासाचे अतिशय नाजूक तंतू मेंदूकडे जातात. डोक्याला जोराचा हिसका बसला की ते तुटू शकतात. आपले यजमान धूर सुटूनही शांत बसले, ते कदाचित त्यांना वासच आला नसेल म्हणून. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून एकदा तपासून घ्यावे. तोवर गॅसची नळी व शेगडीची बटणे पाहण्याचे काम घरात दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावे, आणि शिळे अन्न त्यांनी वासावरून पारखू नये.

आता ‘नॉर्मल’ रिपोर्टविषयी. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, हाडाची चीर दिसते. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारे तंतू ताणले वा तुटले असतील, तर ते बहुतेकदा दिसत नाही. आपल्या फाइलमध्ये पहिल्या दिवसाचा कागद शोधा. त्यावर ‘जीसीएस’ (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे याची मोजणी) असे लिहून पुढे ई, व्ही, एम या अक्षरांसमोर आकडे असतील. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांचे हे गुण असून १९७४ मध्ये ग्लासगो येथील दोन डॉक्टरांनी ही मोजणी प्रथम मांडली. बेरीज ३ ते १५ मध्ये येते; १३ किंवा त्याहून जास्त असल्यास इजा सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी असल्यास गंभीर मानतात. समजा ई२, व्ही२, एम५ असेल, तर बेरीज ९ होते, आणि नऊ गुणांवर आयसीयूत गेलेल्या माणसाला आळशी म्हणणाऱ्या नातेवाइकांना तो कागद दाखवण्यात संकोच करण्याचे कारण नाही. मात्र हा आकडा पहिल्या दिवशी इजा किती खोल होती एवढेच सांगतो. माणूस पुढे हिशेब ठेवू शकेल की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

दुपारची झोप आणि कुलरचा त्रास एकमेकांना जोडलेले असू शकतात. पूर्वी मेंदू मागचा आवाज आपोआप बाजूला सारत असे, आता तेच काम त्याला कष्टाने करावे लागते आणि तो लवकर दमतो. कुलरशिवाय नागपूरचा मे महिना काढा, असे मी कोणालाही सांगणार नाही. पण खोली आधी गार करून घ्यावी आणि महत्त्वाचे बोलणे, औषधांच्या सूचना, पैशांचे विषय कुलर बंद असताना, शक्यतो सकाळी काढावेत. आमच्या गटाची उन्हाळ्यातली बैठक याच कारणाने सकाळी आठला असते. कुलर सुरू ठेवून घेतलेल्या दोन बैठकांत निम्मे लोक मान खाली घालून बसले होते.

त्यांना कसे आणावे, हा आपला खरा प्रश्न. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की आपल्यात झालेला बदल ओळखण्याची क्षमताच कमी होऊ शकते. तो हट्ट किंवा खोटेपणा नसून इजेचाच भाग असतो. म्हणूनच बायकोने दहा वेळा समजावले तरी त्यांना तो आरोप वाटतो; तीच गोष्ट दुसऱ्या शुभार्थीच्या तोंडून, त्याच्या फजितीच्या रूपात कानावर आली की माणूस हसतो आणि हळूच म्हणतो, “माझेही असेच होते.” आधारगटात घडते ते एवढेच, आणि इतकी वर्षे पाहूनही मला त्याचे नवल वाटते. माझा भाऊ पहिले तीन महिने ‘ताईला सोडायला’ येत असे आणि दाराशी खुर्ची टाकून बसत असे. आपणही यजमानांना गटात ‘नेऊ’ नका. आधी एकट्या या, शुभंकर म्हणून. घरी परतल्यावर कोणाची गंमत कशी झाली ते सांगा. ‘तुम्हालाही असेच होते ना’ हे वाक्य मात्र जिभेवर आले तरी गिळा.

एक सूचना गंभीरपणे देते. फिट येणे, डोकेदुखी अचानक वाढणे, वारंवार उलट्या, वाढती गुंगी यांपैकी काही दिसल्यास गटाची वाट न पाहता त्यांना तडक रुग्णालयात न्यावे. राग मारहाणीपर्यंत पोहोचत असेल, तर ‘आजारामुळे होते’ म्हणून सोसत राहणे हा शुभंकराचा धर्म नव्हे. ते डॉक्टरांना आपण एकट्या असताना, स्पष्ट शब्दांत सांगावे.

प्रश्न : माझे वडील एका शासकीय कार्यालयात लिपिक आहेत. जिन्यावरून पडून मेंदूत रक्त साचले, ऑपरेशन झाले. आता उजवा हात थोडा कमजोर आहे आणि वाचलेले लक्षात राहत नाही. आठ महिन्यांनी रुजू झाले तर वरिष्ठ म्हणतात, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी विचारले, तर ‘हेड इंज्युरी यादीत नाही’ असे ऐकवले. आमच्या बाजूने कोणी बोलू शकेल का? (नागपूर)

उत्तर : कोणत्याही कागदावर वडिलांनी सध्या सही करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर आणू शकत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच लाभांसह दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवावे लागते. स्वेच्छानिवृत्ती स्वतःहून मागितली, की या संरक्षणाचा आधार आपणच सोडल्यासारखे होते.

‘यादीत नाही’ हे म्हणणे शब्दशः बरोबर असले तरी दिशाभूल करणारे आहे. कायद्यातील २१ प्रकारांत ‘मेंदूची इजा’ असे वेगळे नाव नाही, पण इजेमुळे उरलेल्या अडचणींना जागा आहे. हातापायातील कमजोरी चलनविषयक दिव्यांगत्वात मोजतात, शब्द न सापडणे वाचा व भाषा दिव्यांगत्वात येते, आणि स्मृती व वर्तनातील गंभीर बिघाड मानसिक आजाराच्या व्याख्येत बसू शकतो, कारण त्या व्याख्येत ‘स्मृती’ हा शब्द स्पष्ट आहे. म्हणून यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्राचा अर्ज भरताना ‘हेड इंज्युरी’ एवढेच न लिहिता प्रत्येक अडचण वेगळी नोंदवावी आणि प्रत्येकीची तपासणी मागावी.

येथे एक हिशेब माहीत असलेला बरा. दोन दिव्यांगत्वांच्या टक्केवारीची साधी बेरीज करत नाहीत. मोठी टक्केवारी आधी घेतात. नव्वदमधून ती वजा करून जे उरते त्याला लहान टक्केवारीने गुणतात, नव्वदने भागतात आणि आलेली संख्या मोठीत मिळवतात. हाताचे ३० व स्मृतीचे २० असतील, तर ३० अधिक सुमारे १३, म्हणजे ४३ होतात. बऱ्याच सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होत असल्याने, एकाच अडचणीची तपासणी करून ३० चे प्रमाणपत्र घेऊन घरी येणे आणि दोन्हींची करून घेणे यांत मोठे अंतर पडते.

तपासणीच्या खोलीत वडील दहा मिनिटे नीट बोलतील, “सगळे ठीक आहे” असेही म्हणतील. आमच्या घरी नेमके हेच झाले होते आणि त्यात आमचे एक वर्ष गेले. त्यामुळे तीन आठवड्यांची वही न्या. ‘विसरतात’ असे मोघम न लिहिता तारीख घालून लिहा : सकाळी दहाला फाइल वाचली, अकराला तीच नव्याने वाचू लागले, बर्डीवरून नेहमीची बस पकडायला गेले, ती कोणती हे आठवेना म्हणून पाऊण तास तेथेच उभे राहिले. अशी नोंद तज्ज्ञांच्या उपयोगाची असते.

आपल्या बाजूने कोण बोलणार, हा प्रश्न उरतो. कार्यालयाला लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि त्यात दया मागू नका, सोय मागा : एका वेळी एकच काम, तोंडी सूचनेऐवजी लेखी सूचना, गर्दीच्या खिडकीऐवजी आतले टेबल. कायद्याच्या कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असणे बंधनकारक आहे. त्यांचे नाव लेखी विचारा. तेथे दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते, ते कार्यालय पुण्यात आहे. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. गटातील एखादी अनुभवी व्यक्ती अर्ज लिहिताना शेजारी बसेल, सुनावणीला सोबत येईल. मात्र ती वडिलांच्या वतीने निर्णय घेणार नाही. साहेबांच्या खोलीत वडिलांना बाहेर बसवून त्यांच्याविषयी चर्चा होऊ देऊ नका. वेळ लागेल, पण त्यांचे म्हणणे त्यांनाच मांडू द्या.

प्रश्न : हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. माझे गॅरेज होते. तीन वर्षांपूर्वी ट्रकने धडक दिली. समजते सगळे, शब्द अडतात. लोक माझे वाक्य पूर्ण करतात, चुकीचे. इकडे गट नाही. मला सुरू करायचा आहे. अडखळणाऱ्याचे कोण ऐकेल? (कामठी)

उत्तर : ब्रिटनमध्ये १९७९ साली मेंदूला इजा झालेल्यांसाठी ‘हेडवे’ ही संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत तशीच राष्ट्रीय संघटना झाली. दोन्हींच्या मुळाशी डॉक्टरांपेक्षा घरी परतलेल्या शुभार्थींची कुटुंबे होती, आणि त्यांच्यापाशीही आरंभी आपल्यापेक्षा फार काही नव्हते. गटाला वक्ता लागत नाही. ज्याला थांबता येते असा माणूस लागतो, आणि थांबणे म्हणजे काय हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळते.

तळमजल्यावरची, स्वच्छतागृह जवळ असलेली खोली पाहा. वाचनालय किंवा समाजभवन सकाळी सहसा मोकळे असते. आधी दोन-तीन घरेच पुरेत. एकट्याने चालवू नका, सोबत एक शुभंकर घ्या. बैठक दीड तासापेक्षा लांबू नये आणि मध्ये विश्रांती असावी. त्यातला अर्धा तास शुभंकरांना वेगळे बसू द्या, कारण शुभार्थींसमोर त्यांना रडता येत नाही. नियम फळ्यावर लिहून ठेवा, आठवण्याचा भार कोणावर नको : येथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, औषध कोणी कोणाला सुचवायचे नाही, विचारल्याशिवाय कोणाचे वाक्य पूर्ण करायचे नाही. दुसऱ्या नियमाबाबत कडक राहा, कारण गट जमला की चूर्ण-तेलवाले पाठोपाठ येतात. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका. टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो लावून द्या आणि घरच्यांना कळवा.

पहिल्या बैठकीला मी आणि माझा भाऊ येऊ. निमंत्रणाचा मजकूर मात्र आपणच लिहावा. त्याला चार दिवस लागत असतील, तर तारीख पाचव्या दिवशी ठरवू.