वर्ग पाहायला बसताना तोंड मुलांकडे

प्रश्न : आमच्या प्राथमिक शाळेत शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकमेकांचे तास पाहायचं ठरवलं. नोंदवहीत मात्र ‘फलकलेखन सुवाच्य’, ‘वर्गनियंत्रण चांगले’ यापलीकडे काही उतरत नाही. चुकतं कुठे?
— मुख्याध्यापिका, फोंडा

उत्तर : बाई, ही भाषा बी.एड.च्या पाठनिरीक्षणाची आहे. तिथे शिकाऊ शिक्षकाला गुण द्यायचे असतात, म्हणून तसे रकाने. तेच रकाने समोर ठेवले की पाहणारा गुणच देत बसतो, आणि रोज एका टेबलाशी डबा खाणाऱ्या सहकाऱ्याला कमी गुण कोण देणार? रकाने काढून टाका. त्याऐवजी एकच प्रश्न ठेवा, आणि तो ज्याचा तास आहे त्याने द्यावा. ‘माझं शिकवणं कसं वाटलं?’ हा प्रश्न फार मोठा. ‘हातच्याच्या वजाबाकीत मुलं नेमकी कुठे अडतात?’ एवढा लहान हवा.

आदल्या दिवशी दोघांनी दहा मिनिटं बसायचं. कोणतं उदाहरण घेणार, मुलं काय चुकतील असा अंदाज, आणि लक्ष कोणत्या तीन मुलांवर ठेवायचं, हे ठरवा. एक पटकन करणारं, एक मधलं, एक गप्प राहणारं. पाहणाऱ्याला आपण सवयीने मागच्या बाकावर बसवतो, पण तिथून मुलांच्या पाठी दिसतात. पुढच्या कोपऱ्यात, चेहरे आणि वह्या दिसतील असं बसा. पानावर तीन उभे भाग पाडा : वेळ, शिक्षक काय बोलले, मुलाने काय केलं. ‘छान’, ‘कमी पडलं’ असले शब्द त्या पानावर नकोत. मुलाला उत्तर सुचवायचंही नाही. हे फार जड जातं, पण सुचवलंत तर जी चूक पाहायला आलात ती तुमच्याच हाताने पुसली जाते.

अशी नोंद समजा. १०.२५ : ‘दोनातून सात जातात?’ सगळा वर्ग एका सुरात, ‘नाही.’ १०.२८ : तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या वहीत ५२ – २७ = ३५. तिने एककात सातातूनच दोन काढले. म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्या सुरात तिचाही आवाज होता, पण दशक सुटा करायचा असतो हे तिच्यापर्यंत पोचलंच नाही. फळ्याजवळून हे दिसत नाही. पुढच्या तासाला काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्या हातात द्या, एक गठ्ठा तिलाच सोडू दे. बारा काड्या समोर आल्या की त्यातून सात ती स्वतः उचलेल.

जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं शिक्षक एक पाठ मिळून आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांच्या नोंदी घेतात आणि पाठ सुधारतात. त्याला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात. तुमच्याकडे चार शिक्षक असतील तर वर्षातून दोन पाठ असे जरूर करा.

प्रश्न : माझी शाळा एकशिक्षकी. माझा तास पाहणार कोण? शाळा बंद ठेवून मी दुसरीकडे जाऊ शकत नाही.
— शिक्षिका, सत्तरी

उत्तर : मोबाइलवर दहा-बारा मिनिटांचा फक्त आवाज रेकॉर्ड करा, तोही प्रश्नोत्तरांच्या भागाचा. व्हिडिओ केलात तर पालकांची परवानगी आधी घ्या, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही टाकू नका. ऐकताना एकच मोजा : प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजलं. शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं.

दुसऱ्यांदा ऐकताना भाषेकडे कान द्या. वाडीवरची आपली मुलं घरी कोकणी बोलतात. ताटलीतलं पाणी कुठे गेलं, असं विचारल्यावर मूल म्हणतं, ‘उदक सुकलें, टीचर.’ लगेच ‘उदक नव्हे, पाणी म्हण’ झालं की मूल शब्द दुरुस्त करतं आणि बाष्पीभवनाचा विचार तिथेच राहतो. आधी ‘सुकलं म्हणजे कुठे गेलं?’ विचारा. मराठी शब्द त्यानंतर फळ्यावर लिहा. ही फीत शेजारच्या शाळेतल्या मैत्रिणीला केंद्राच्या बैठकीच्या दिवशी ऐकवा, तिचीही ऐका.

प्रश्न : वयाने मोठ्या सरांचा तास पाहिल्यावर मी त्यांना चूक कशी सांगू?
— शिक्षक, पेडणे

उत्तर : सांगू नका, नोंद वाचून दाखवा. आधी सरांनाच बोलू द्या : कुठे ठरल्यासारखं झालं, कुठे नाही. मग ‘१०.२८ला तिसऱ्या बाकावर हे लिहिलेलं होतं’ एवढंच वाचा आणि थांबा. बैठक त्याच दिवशी, पंधरा मिनिटांत उरका; दोन दिवस गेले की आठवणीत मत मिसळतं. शेवटी पुढच्या तासाला बदलायची एकच गोष्ट सरांनीच ठरवावी. आणि ही वही मुख्याध्यापकांच्या गोपनीय अहवालापासून किंवा भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या तपासणीपासून वेगळी राहील, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. ती तिथे जाते असा संशय आला की सर तुम्हाला फक्त आधी घोटवून घेतलेला तास दाखवतील.