पायडल, हँडल आणि मोबाईल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हँडल फिरवून चार्ज होणारी टॉर्च ऑनलाइन मागवली. वीस मिनिटे फिरवली, मोबाईल जेमतेम २ टक्के चढला. टॉर्च खराब आहे का?

टॉर्च बहुधा ठीक आहे, हिशेबच तुमच्या विरुद्ध आहे. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. गळती धरली तर केबलमधून २२-२३ वॉट-तास जायला हवेत, आणि मुठीत मावणारा जनरेटर देतो दीड-दोन वॉट. म्हणजे दहा तासांच्या वर फिरवत बसा! त्यात स्क्रीन आणि डेटा चालू असला तर मोबाईल आलेल्यातलाच वॉटभर खाऊन टाकतो. म्हणून आधी तो बंद करा.

हँडल अगदी हलके फिरत असेल तर वीज जात नाहीये असे समजा. चार्जिंग सुरू झाले की हाताला जड लागते. मात्र जड लागले म्हणून जोर काढू नका. आतले गिअर प्लास्टिकचे असतात, दाते झडतात. सेकंदाला दोन फेरे पुरेत.

अडीअडचणीसाठीच हवे असेल तर सोबत बटणांचा साधा फोन ठेवा. त्याची बीएल-५सी बॅटरी चार वॉट-तासांच्याही आत असते. तुमच्या त्याच वीस मिनिटांत ती दहा-बारा टक्के भरेल, आणि तेवढ्यात निरोप देण्यापुरते फोन नक्की होतात.

प्रश्न: जुन्या सायकलला टायरवर घासणारा डायनामो आहे. त्यावर मोबाईल चार्ज होईल का? सर्किट करून पाहिले, पण चार्जिंग सारखे लागते-तुटते.

होईल. ६ व्होल्ट ३ वॉटचा हा डायनामो ताशी १५ किलोमीटरच्या आसपास सुमारे अर्धा अँपिअर देतो, तोही एसी, म्हणजे दिशा सारखी बदलणारा. आधी एसीची डीसी करणारा चार शॉट्की डायोडचा ब्रिज (१एन५८१९ चालतील), मग २२०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर आणि शेवटी ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारे मॉड्यूल) लावा. कन्व्हर्टर एलएम२५९६ एचव्ही, म्हणजे जास्त व्होल्ट सोसणारा घ्या. साधा एलएम२५९६ इनपुटला ४० व्होल्टपर्यंतच झेपतो, आणि लोड नसताना उतारावर डायनामो ३० च्या पुढे जाऊ शकतो. काही जोडलेले नसेल तेव्हा डायनामो टायरपासून बाजूला करून ठेवा. मोबाईल लावण्याआधी मल्टिमीटरवर आउटपुट ५.१ व्होल्टला लावून घ्या.

एक चूक सर्रास होते. डायनामोची एक बाजू सायकलच्या सांगाड्याला जोडलेली असते. ब्रिजनंतरची ऋण तार सांगाड्याला टेकली की एक डायोड शॉर्ट होतो आणि अर्धी वीज वाया जाते. सर्किट प्लास्टिकच्या डबीत बंद करा आणि दिव्याची तार काढून टाका.

आता लागते-तुटते का, ते पाहू. मोबाईल एक-दीड अँपिअर ओढू पाहतो, डायनामोत तेवढा दम नसतो, व्होल्टेज कोसळते, मोबाईल सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येते. हेच चक्र चालू राहते. यूएसबी सॉकेटमधल्या डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या असतील तर मोकळ्या करा; मग बरेच फोन अर्ध्या अँपिअरवर थांबतात. याहून खात्रीचा उपाय म्हणजे मध्ये १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) घालणे. टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ३ किलोओहमचा लावा, म्हणजे करंट ४०० मिलीअँपिअरला बांधला जातो. दिवसभर सेल भरा, मुक्कामी व्होल्टेज चढवणारे बूस्ट मॉड्यूल लावून त्यावरून मोबाईल. तासाभराच्या सायकलिंगला मोबाईलचे पाच-सहा टक्के धरा, जास्त नाही.

प्रश्न: पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज जाते. स्टँडवरच्या सायकलने आठ मोबाईल चार्ज करता येतील का?

येतील, पाळ्या लावल्या तर. ई-सायकलची २४ व्होल्ट २५० वॉटची डीसी मोटर (एमवाय१०१६) घ्या. लेथवाल्याकडून ४५ मिलिमीटर व्यासाचा रोलर करून तिच्या शाफ्टवर बसवा आणि मागच्या टायरला टेकवा. २८ इंची चाक, पुढच्या चक्रीला ४४ आणि मागच्या चक्रीला १८ दात, मिनिटाला ६० पायडल: मोटर २२००-२३०० फेऱ्यांवर जाते आणि १२ व्होल्टची बॅटरी भरायला पुरेसे व्होल्टेज मिळते. रोलर फार दाबलात तर टायर तापतो आणि झिजतो, सैल राहिला तर घसरतो.

मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये १० अँपिअरचा शॉट्की डायोड हवाच. नाहीतर पाय थांबताच बॅटरी मोटर फिरवू लागते. १० अँपिअरचा फ्यूजही बॅटरीलगत लावा. मोटर उलटी फिरली तर धन-ऋण बदलतात, म्हणून जोडण्याआधी मीटर लावून बघा.

यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची बॅटरी इथे नको. तिला २ अँपिअरच्या वर चार्ज सोसत नाही, आणि तुम्ही सहज ३-४ द्याल. १८ अँपिअर-तासांची घ्या. १४.४ व्होल्ट दिसले की उतरा. मोबाईल कारच्या यूएसबी चार्जरवरून भरा. इन्व्हर्टर मध्ये घातलात तर तो स्वतःच पाच-दहा वॉट पितो.

साधारण तब्येतीचा माणूस तासाला ४५ वॉट-तास बॅटरीत घालतो. बॅटरीतली गळती धरून एका मोबाईलला ३० लागतात. आठ मोबाईल म्हणजे साडेपाच तास, अर्ध्या तासाच्या अकरा पाळ्या. वीजबिल वाचवायला मात्र हे करू नका: युनिट दहा रुपये धरले तरी तासभर घाम गाळून पन्नास पैशांच्या आत वीज होते.

प्रश्न: शाळेतला लॅपटॉप हँडल फिरवून चालेल?

नाही. नेहमीचा लॅपटॉप २० ते ४० वॉट घेतो, तेवढे हाताने सतत देणे माणसाला झेपत नाही. 'एका मुलामागे एक लॅपटॉप' योजनेच्या २००५ मधल्या नमुन्याला हँडल होते. पण फिरवण्याचा ताण थेट लॅपटॉपच्या अंगावर येतो, म्हणून ते काढून टाकले. रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत २००७ साली याच योजनेचे लॅपटॉप आले, ते बिनहँडलचे. पायडलने भरलेल्या बॅटरीवर लॅपटॉप चालवता येईल, पण मग सायकलवर बसायला एक वर्ग ठेवा.

प्रश्न: छताच्या पंख्याची मोटर जनरेटर म्हणून चालेल का?

साध्या पंख्याची नाही. तिच्यात चुंबक नसतो, त्यामुळे नुसती फिरवून वीज निघत नाही. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, रिमोटच्या) पंख्यात चुंबक असतात, तीन तारांतून एसी निघते आणि ती सहा डायोडच्या ब्रिजमधून डीसी करावी लागते. बिघडलेला पंखा फुकट मिळत असेल तर प्रयोग करा, पण आधी त्याचे कंट्रोलर सर्किट काढून बाजूला ठेवा.