फोनवर पाळत आहे का, हे कसं तपासायचं?

प्रश्न : माझे खासगी मेसेज दुसऱ्या कुणाला तरी कळतात, असा संशय आहे. ॲन्ड्रॉइड फोनची बॅटरीही लवकर उतरते. फॅक्टरी रीसेट केलं की भागेल का?

उत्तर : बॅटरीवरून काही ठरवू नका, ती जुनी झाली किंवा रेंज कमी असली तरी भराभर उतरते. ॲपना दिलेल्या परवानग्या तपासा. पाळत ठेवणारी ॲप बहुधा फोन काही मिनिटं हाती लागलेल्या माणसानेच टाकलेली असतात. आयकॉन लपवलेला असतो, नावही ‘सिस्टिम सर्व्हिस’सारखं साळसूद. पण परवानगीशिवाय त्यांचं काही चालत नाही, आणि तिथेच ती सापडतात. सेटिंग्जमध्ये आधी ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. ही परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं, त्यामुळे एन्क्रिप्शन असलेले, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणारे मेसेजही त्यातून सुटत नाहीत. मग ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’ (ॲपला फोनवर जादा ताबा देणारा अधिकार) पाहा. ‘अनइन्स्टॉल’ होत नसेल, तर आधी ॲडमिनचा अधिकार काढून घ्यावा लागतो. प्ले स्टोअरमधलं, घातक ॲप शोधणारं ‘प्ले प्रोटेक्ट’ तुम्ही न करता बंद झालेलं दिसलं, तर संशयाला चांगलाच आधार आहे.

पुष्कळदा मात्र ॲप नसतंच. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला असतो, किंवा गूगल खात्याचा पासवर्ड कुणाला तरी ठाऊक असतो. पासवर्ड फुटला असेल, तर रीसेटने काहीच साधत नाही. म्हणून आधी दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून पासवर्ड बदला, द्विस्तरीय पडताळणी सुरू करा, बाकी सगळीकडून लॉगआउट करा. मगच रीसेट. त्यानंतर बॅकअपमधून ॲप परत आणू नका, एकेक हाताने टाका. स्क्रीनचा पिनही नवा ठेवा.

संशय घरातल्याच माणसावर असेल आणि त्याची भीती वाटत असेल, तर घाई नको. ॲप काढल्याचं त्याला लगेच कळू शकतं. पुरावा म्हणून दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा, आणि मदतही त्या फोनवरूनच मागा.

प्रश्न : मी पत्रकार आहे. आयफोनवर अँटिव्हायरस टाकला तर पेगॅसससारख्या स्पायवेअरपासून (हेरगिरीच्या सॉफ्टवेअरपासून) बचाव होईल का?

उत्तर : नाही. आयफोनवर एका ॲपला दुसऱ्याच्या आत डोकावताच येत नाही, मग अँटिव्हायरस तपासणार काय? इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं पेगॅसस लिंक न दाबताही फोनमध्ये शिरलेलं आहे; आयमेसेजमधली तशी एक फट ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १४.८ आणून बुजवली. त्यामुळे अपडेट आलं की त्याच दिवशी करा. आयओएस १६ पासून ‘लॉकडाउन मोड’ आहे. त्यात मेसेजमधली बहुतेक अटॅचमेंट आणि लिंकचे प्रीव्ह्यू बंद होतात, काही वेबसाइट अडखळतात. तुमच्या कामात ही गैरसोय सोसायलाच हवी. फोन रोज रीस्टार्ट करा. फक्त मेमरीत राहणारं स्पायवेअर त्याने जातं, पण फट उघडी असेल तर ते पुन्हा येऊ शकतं.